लेंटमध्ये मटण सोडलं, पण पुढे काय?

वसईचा_पोरगा:
राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ लेंट सुरू झाल्यापासून, मटण-चिकन बंद केलंय, पण खरं सांगू का, शुक्रवारी ताटात सुरमईची तुकडी आली की हा कसला उपवास असं वाटतं. दरवर्षी तेच, ईस्टरला मटणावर ताव मारायचा आणि मी आपला होतो तिथेच. येशूचा शिष्य म्हणून जरा तरी पुढे सरकायचं तर काय करू? रात्री आठला ट्रेनमधून उतरतो, वेळ कमीच.

रोझरीवाली_आजी:
बाळा, बायबलमधला मत्तयचा ६ वा अध्याय वाच. दान, प्रार्थना, उपवास तिन्ही एकापाठोपाठ आलेत, आपण शेवटचं तेवढं धरून बसतो. आमच्याकडे फ्रीजवर बिस्किटाचा पत्र्याचा डबा असायचा, मटणाचे वाचलेले पैसे त्यात, गुड फ्रायडेच्या आधी ते एखाद्या अडलेल्या घरी गुपचूप जायचे.

नगरकर_सीएनआय:
मी ट्रेनमध्ये बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान वाचतो. १६ अध्याय, रोज अर्धा, ३२ दिवसांत संपतं, आठ खाडे झाले तरी चालतं 😄 एक ओळ मनात ठेवून दिवसभर चघळायची, बस.

वसईचा_पोरगा:
अर्धा जमेल. रविवार धरायचे का यात?

रोझरीवाली_आजी:
नाही रे, रविवार सोडून लेंटचे दिवस ४०, कॅलेंडरवर मोजलेस तर ४६ भरतात. आणि ते वाचन वगैरे ठीक आहे पण मागे म्हणालेलास भावाशी बोलणं बंद आहे, आधी त्याला फोन कर.

वसईचा_पोरगा:
आजी, त्यापेक्षा सुरमई सोडतो ना 😅 बरं बरं, करतो रविवारी.