विज्ञानकथा संमेलनात स्वयंसेवक: नेमकं कोणतं काम घ्यावं?

उल्काराम
पुण्यात डिसेंबरमध्ये विज्ञानकथाप्रेमींचं एक दिवसाचं संमेलन आहे. सभागृह भाड्याचं, नोंदणी 150 च्या आसपास. सकाळी 10 ला उद्घाटन, मग परिसंवाद, कथावाचन, प्रश्नमंजूषा आणि दुपारी कॉस्प्ले, म्हणजे कथा-चित्रपटांतल्या पात्रांची वेशभूषा. बाहेर पुस्तकांचे चार स्टॉल. आम्ही स्वयंसेवक बारा जण, बहुतेक नवखे. आयोजकांचं म्हणणं, "पडेल ते काम करा". कोणतं काम मागून घ्यावं, आणि हमखास घोळ कुठे होतो?

जुनी सतरंजी
"पडेल ते काम" म्हटलं की दहा जण व्यासपीठाजवळ घुटमळतात आणि नोंदणीला दोघंच उरतात. माणशी एक काम आदल्या दिवशी ठरवून घ्या आणि ते सोडून हलू नका.

नोंदणीचा हिशोब असा. दीडशेपैकी शंभर तरी साडेनऊ ते दहामध्येच येतात. नाव शोधणं, सही, बिल्ला आणि पिशवी देणं यात माणशी 45 सेकंद जातात, म्हणजे अर्ध्या तासात एका टेबलावर चाळीस जण. तीन टेबलं लागतातच. पैसे भरून ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांचं चौथं टेबल बाजूला ठेवा, नाहीतर एकाचं यूपीआय अडकलं की मागची सगळी रांग अडकते.

यादी आडनावाने लावा, आणि त्याआधी सगळी नावं एकाच लिपीत आणा. फॉर्म भरताना निम्मे लोक रोमनमध्ये लिहितात. आणखी एक गंमत: क्षीरसागरांना आपण यादीच्या शेवटी शोधतो, पण संगणक त्यांना बहुधा 'क'मध्ये बसवतो, कारण क्ष म्हणजे त्याच्या लेखी क आणि ष. 'ज्ञ'चंही तेच. टेबलावरच्या माणसाला हे आधी सांगून ठेवा. बिल्ल्यावर नाव दोन्ही बाजूंनी छापा. दोरी फिरते आणि दिवसभर कोरी बाजूच दिसते.

तांबडा बटू
तांत्रिक बाजू कुणी मागत नाही, म्हणून तीच मागून घ्या.

पहिला घोळ फॉन्टचा. ज्येष्ठ वक्त्यांची सादरीकरणं अनेकदा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली असतात. दुसऱ्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. दोन दिवस आधी त्यांच्याकडून पीडीएफ मागवा, तीही त्यांच्याच संगणकावर बनवलेली. पीडीएफमध्ये व्हिडिओ चालेल याची खात्री नसते, म्हणून व्हिडिओची फाइल वेगळी घ्या. पेनड्राइव्ह एफएटी32 या जुन्या फाइल-पद्धतीचा असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर चढतच नाही, हेही आधी तपासा.

दुसरा घोळ आवाजाचा. लॅपटॉपचा आवाज मिक्सरला दिला की कधी कधी घूंऽऽ अशी घरघर येते. चार्जर काढून बघा. थांबली तर दोष अर्थिंगच्या वळशाचा आहे, म्हणजे दोन उपकरणांचं अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेलंय. तेवढा कार्यक्रम बॅटरीवर चालवा. माइक शिट्टी मारतो तेव्हा वक्ता एकतर स्पीकरच्या समोर आलेला असतो, नाहीतर त्याने माइकची जाळीच मुठीत धरलेली असते. बिनतारी माइकचे सेल जेवणाच्या सुट्टीत बदलून टाका, दिवा लाल व्हायची वाट बघू नका.

तिसरा घोळ चहाचा. हो, चहाचाच! 2000 वॅटची किटली 230 व्होल्टला साधारण 8.7 अँपिअर खेचते, आणि भिंतीवरचा साधा सॉकेट असतो 6 अँपिअरचा. किटली प्रोजेक्टरच्याच एक्स्टेन्शनवर लावली की एमसीबी (जास्त भार आला की आपोआप बंद होणारा खटका) पडतो, आणि दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर तो थंड होईपर्यंत परत लागत नाही. मधली पाच मिनिटं निवेदकाने काय करायचं? चहा बाहेरून थर्मासमध्येच मागवा. 80 मिलिचा कप धरला तर दीडशे जणांना एका फेरीला 12 लिटर.

सांजवात
वरच्या दोन्ही प्रतिसादांत समई राहिली. कार्यक्रम खरा तिथेच घसरतो. पाहुणे काडी ओढतात, वरून एसीचा झोत येतो, तीन काड्या वाया, फोटोग्राफर ताटकळलेला.

वाती अर्धा तास आधी तेलात भिजवा आणि टोकं जरा वर काढून ठेवा. ऐनवेळी प्रत्येक टोकावर कापराचा चिमूटभर चुरा. पाहुण्यांच्या हाती काडेपेटी देऊ नका, पेटलेली मेणबत्ती द्या. समईच्या डोक्यावरचा पंखा किंवा एसी दोन मिनिटं बंद ठेवायला एक माणूस बटणापाशी उभा करा. आणि सभागृहात आग चालते का, हे व्यवस्थापकाला आदल्या दिवशीच विचारा. धूरशोधक यंत्र असेल तर काही ठिकाणी फक्त विजेच्या समईला परवानगी मिळते.

परिसंवादासाठी पहिल्या रांगेत बसून किती मिनिटं उरली ते सांगणारे 10, 5 आणि 1 असे आकडे लिहिलेले पुठ्ठे दाखवायचं कामही कुणाला तरी नेमून द्या. आकडे वीतभर उंच हवेत. आणि वक्त्यांना ते दाखवणार असल्याचं आधी सांगा, नाहीतर पुठ्ठा पाहून ते बोलायचे थांबतात आणि "काय म्हणता?" विचारतात.

उल्काराम
खूप आभार. कॉस्प्लेची जबाबदारी माझ्यावर आली आहे. तिथे काय लागेल?

फोमकापे
दुरुस्तीचं टेबल. त्यावर ग्लू गन आणि कांड्या, सेफ्टी पिना, दुहेरी चिकटपट्टी, काळी इलेक्ट्रिक टेप, सुईदोरा, कात्री, फोमसाठी रबर सोल्युशन. ग्लू गनचा जोड उन्हात मऊ पडतो. बंद गाडीत ठेवलेली शिरस्त्राणं याच कारणाने सुटी होऊन येतात.

एलईडीची पट्टी पॉवरबँकवर पेटते आणि अर्ध्या मिनिटात विझते, ही नेहमीची तक्रार. पट्टी बिघडलेली नसते. वीज फारच थोडी लागत असल्याने पॉवरबँकला वाटतं की काही जोडलेलंच नाही, आणि ती स्वतःला बंद करते. त्याच पॉवरबँकला आणखी एखादं उपकरण जोडा, किंवा सरळ सेलची डबी वापरा.

शिरस्त्राण घातलेल्याला खालचं दिसत नाही. पायऱ्यांपाशी हात धरायला एक माणूस आणि व्यासपीठाच्या कडेला पांढरी पट्टी, हे दोन्ही हवंच. खोट्या बंदुका येताना-जाताना पिशवीत ठेवायला सांगा; मेट्रोच्या तपासणीत उगाच अडकतील. कपडे बदलायला दोन खोल्या हव्यात, एकीत निदान एक मोठा आरसा. फोटो काढण्याआधी विचारायचं, लहान मुलांच्या बाबतीत पालकांना, हे निवेदकाकडून दोनदा जाहीर करून घ्या.

पानकिडा
प्रश्नमंजूषेबद्दल. "पहिली मराठी विज्ञानकथा कोणती?" हा प्रश्न घालूच नका. मासिकातली धरायची की पुस्तकातली, रूपांतर चालेल का, यावर श्रोते आपसात भांडतात आणि गुण कुणालाच देता येत नाहीत. उत्तर एकच असेल असे प्रश्न घ्या. जसं, 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत पहिलं आलेले नारायण विनायक जगताप कोण? (जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेली.) वर्षं मोजायचे प्रश्नही जपून. जागतिक विज्ञानकथा संमेलन 1939 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालं, पण युद्धामुळे 1942 ते 1945 भरलंच नाही. ते विसरून "अमुक साली कितवं?" विचारलं की उत्तरपत्रिकाच चुकते.

स्टॉलचं म्हणाल तर सकाळी प्रत्येक शीर्षकाच्या प्रती मोजून प्रकाशकाच्या माणसाची सही घ्या, संध्याकाळी परत तेच. दहा, वीस आणि पन्नासच्या मिळून हजारभर रुपयांच्या सुट्या नोटा ठेवा. तळघरातल्या सभागृहात रेंज जाते, म्हणून यूपीआयचा फलक दाराजवळच्या टेबलावर.

जुनी सतरंजी
एक राहिलं. सहानंतर बारापैकी तीनच जण उरतात, आणि खुर्च्या तेव्हाच उचलायच्या असतात. सभागृहाची वेळ सातला संपत असेल तर शेवटच्या तासासाठी चार जणांची नावं आत्ताच लिहून घ्या, आणि त्यांना सकाळी अकरापर्यंत काही काम देऊ नका.