'इमर्सिव्ह' कलेला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : टोकियोतल्या तोयोसू भागात 'टीमलॅब प्लॅनेट्स' पाहिलं. त्यावर लिहायला बसले आणि 'इमर्सिव्ह डिजिटल आर्ट म्युझियम' या चार शब्दांवर अडले. 'तल्लीन करणारं अंकीय कलासंग्रहालय' लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. तिथे बूट-मोजे लॉकरमध्ये ठेवायचे, पँट गुडघ्याच्या वर दुमडायची आणि अंधारात गुडघाभर पाण्यात उतरायचं. पाण्यावर प्रकाशाचे कोइ मासे फिरत असतात. एखादा पायावर आपटला की त्याचं फूल होतं. हे सगळं एका विशेषणात कसं बसवावं?

प्रतिसाद : 'तल्लीन' आणि 'निमग्न' दोन्ही सोडून द्या. हे शब्द पाहणाऱ्याच्या मनाची स्थिती सांगतात. रविवारी पुस्तक वाचतानाही माणूस तल्लीन होतोच. 'इमर्सिव्ह' हे विशेषण मात्र कलाकृतीचं आहे: ती तुम्हाला चहूबाजूंनी वेढते. 'विसर्जन' कोशात चालेल, पण मराठी कानाला त्यात गणपतीच ऐकू येणार. माझं मत 'अवगाहन'ला. पाण्यात उतरून स्नान करणं हा त्याचा मूळ अर्थ, आणि एखाद्या विषयात खोल शिरणं हाही. तुमच्या गुडघाभर पाण्याला तर तो अक्षरशः लागू पडतो.

'आभासी' मात्र कृपा करून नको. वर्तमानपत्रं हल्ली पडद्यावरच्या कशालाही आभासी म्हणतात. तिथलं पाणी खरं आहे. त्याच ठिकाणी दुसऱ्या एका दालनात हजारो जिवंत ऑर्किड टांगलेली आहेत, तीही खरी.

प्रतिसाद : 'संग्रहालय' शब्दाबद्दलही बोलायला हवं. संग्रह म्हटला की जपून ठेवलेल्या वस्तू आल्या. इथे तसं काही नाही. माशांचं चित्र आधी रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा दाखवत नाहीत. संगणक ते त्याच क्षणी घडवतो, लोकांच्या हालचालीनुसार बदलतो. आत्ता दिसलेलं दृश्य पुन्हा जसंच्या तसं दिसत नाही. म्हणून मला 'कलादालन' बरं वाटतं. 'इन्स्टॉलेशन'ला, म्हणजे अख्खी जागा व्यापून मांडलेल्या कलाकृतीला, आपल्याकडे 'मांडणशिल्प' हा फार सुंदर शब्द रुळलेला आहे, तो वापरा. 'डिजिटल' तसाच राहू दे. 'अंकीय' सरकारी कागदात शोभतो.

प्रश्नकर्ती : 'अवगाहन' आवडला. पण पॅरिसचं 'आतलिये दे ल्युमिएर' घ्या. ओतकामाच्या जुन्या कारखान्यात 2018 साली सुरू झालं. तिथे क्लिम्टसारख्या चित्रकारांची चित्रं भिंतींवर आणि जमिनीवर प्रक्षेपित करतात. लोक उभे राहून किंवा बसून पाहतात. तिकीट विकताना त्यालाही 'इमर्सिव्ह'च म्हणतात.

प्रतिसाद : तिथे 'अवगाहन' जड होईल. चित्रं आधीच काढलेली आहेत, ती मोठी करून दाखवली आहेत, तुमच्या असण्याने त्यांत फरक पडत नाही. त्याला 'वेढून टाकणारं प्रक्षेपण' म्हटलं तरी पुरे. एकाच इंग्रजी शब्दासाठी मराठीने दोन शब्द ठेवले तर त्यात गैर काही नाही. उलट वाचणाऱ्याला आधीच कळेल की कुठे पाहायला जायचंय आणि कुठे पँट दुमडायची आहे.

प्रश्नकर्ती : मग मी असं लिहिते: 'तोयोसूच्या डिजिटल कलादालनातलं ते मांडणशिल्प पाण्यात उतरून पाहायचं असतं.' 'अवगाहन' दुसऱ्या परिच्छेदात आणते, मासा पायावर आपटल्यानंतर.