लग्नात वाजवायचे पैसे मागितले, म्हणजे तालान्त पुरला?

कीबोर्डवाला: काल इथे एकाने लिहिलं, "देवाने फुकट दिलेली कला मंडळीतही (चर्चमध्येही) फुकटच द्यावी. पैसे मागणारा म्हणजे तालान्त जमिनीत पुरणारा दास." रात्रभर डोक्यातून जाईना. येशूच्या त्या दाखल्यात (बायबल, मत्तय 25) धनी दासांकडे तालान्त सोपवतो आणि एक दास आपला तालान्त वापरायचा सोडून पुरून ठेवतो. पण अहो, तालान्त म्हणजे गोड गळा नव्हे, वजनावर मोजायचा पैसा! सुमारे 6000 दिनार. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, मत्तय 20 मध्येच आहे. म्हणजे जवळपास वीस वर्षांची कमाई. दाखल्याचा अर्थ कलागुणांकडे खुशाल न्या, पण त्याची काठी करून वादकाच्या पाठीत घालू नका. बारा वर्षं दर रविवारी फुकट वाजवतोय. लग्नाचे तेवढे मागतो. फोटोवाल्याला कुणी "सेवा समजा" म्हणतं का?

जुना कारभारी: आकडेमोड राहू द्या. 1 पेत्र 4:10 काढा. मिळालेलं कृपादान एकमेकांच्या सेवेला लावायचं, कारभाऱ्यासारखं. तिथे दरपत्रक नाही. प्रेषित पौल तंबू करून पोट भरायचा.

कीबोर्डवाला: 1 करिंथ 9 पण काढा मग. पौल आधी मोबदल्याचा हक्क ठणकावून सांगतो आणि नंतर स्वतः सोडतो. त्याच्या वतीने दुसरा कुणी सोडत नाही.

माइकवाला: माइक चालला तर कुणाला माझं नाव माहीत नसतं. खरखरला की अख्खी मंडळी मान वळवून बघते. पैसे नकोत, नवी वायर तरी घ्या. दोन वर्षं चिकटपट्टीवर उपासना चालू आहे.

संडे स्कूलवाली: माझा व्यवसाय हिशेब तपासणीचा. बाहेरच्या एका संस्थेचे हिशेब विनामूल्य बघते, तिथे बोलावून नेतात. मंडळीत तीन वर्षं सांगतेय, मला वह्या द्या. मिळतं काय? वेदीवरची फुलं. मला फुलं रचता येत नाहीत! कुणाचं दान कोणतं, हे ठरवतं कोण?

जुना कारभारी: ताई, फुलं हीसुद्धा सेवाच. मुद्दा वृत्तीचा आहे. जर्मन संगीतकार बाख रचनेखाली "केवळ देवाला गौरव" याची आद्याक्षरं लिहायचा.

कीबोर्डवाला: बाख! बरा सापडलात. 1723 पासून लाइपझिगला पगारावर होता. 1730 च्या पत्रात रडगाणं गातो की हवा निरोगी असली की अंत्यविधी कमी होतात आणि कमाई बुडते. मी अजून कुणाच्या मरणावर डोळा ठेवलेला नाही.

मागचा बाक: नहेम्या 13:10. वाटा मिळेना म्हणून लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, आणि गाणारे आपापल्या शेतावर निघून गेले. नहेम्याने झापलं कुणाला? अधिकाऱ्यांना.

जुना कारभारी: तिथे दशांश, म्हणजे लोकांच्या उत्पन्नाचा दहावा भाग, यायचा! आमचं छप्पर गळतंय. आणि प्रत्येक गोष्टीत अधिकाऱ्यांवरच घसरायचं असेल तर या, बसा माझ्या खुर्चीत एक वर्ष.

माइकवाला: छपराचं पाणी माझ्याच वायरींवर पडतं.

जुना कारभारी: बरं बाबा, लग्नाचे घ्या. पण आकडा आधी सांगा. माझ्या मुलीच्या लग्नात एकाने अक्षता पडल्यावर सांगितला होता.

कीबोर्डवाला: तो मी नव्हतो. आधी सांगायचं, हे मात्र कबूल.

संडे स्कूलवाली: झालं? बाखचा पगार निघाला, गायकांची शेतं निघाली. वह्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही.

जुना कारभारी: पुढच्या सभेत विषय घेतो.

संडे स्कूलवाली: मागच्या सभेतही हेच म्हणाला होतात. इतिवृत्त मीच लिहिलंय.