सैन्यभरतीत अजून फक्त सोळाशे आणि बीमच का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गावाबाहेर पहाटे जा, पोरं सोळाशे मारताना दिसतील. जनरल ड्यूटीच्या (साध्या शिपायाच्या) भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढले की ६० गुण, १० बीम (आडव्या दांड्याला लटकून अंग वर खेचणं) मारले की ४०. नऊ फुटी खड्ड्यावरून उडी आणि झिगझॅग बॅलन्स (नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं) यांत नुसतं पास व्हायचं, गुण नाहीत. मग पोरं तेवढंच करणार! पाठ, कंबर, मांड्यांकडे कोण बघतो?

आणि पुढे काम काय, तर लडाखात ओझं घेऊन चढायचं, जखमी साथीदाराला ओढून आणायचं. अमेरिकी सैन्याने १९८० पासूनची पुशअप, सिटअप आणि दोन मैल धावेची चाचणी बदलली ती यासाठीच. २०२२ पासून अधिकृत झालेल्या चाचणीत डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनी बार उचलणं) आली, ९० पौंडांची स्लेज (घसरगाडी) ओढणं आलं, दोन हातांत ४०-४० पौंडांच्या केटलबेल (मुठीची वजनं) घेऊन पळणं आलं. आपल्या भरतीतही वजनाचा एक प्रकार हवाच.

माजी हवालदार, मराठा लाइट इन्फंट्री
अजिबात पटलं नाही. भरतीत दम आणि जिद्द बघायची, शरीर घडवायचं ते सेंटरवर, म्हणजे रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्रात. आमच्या बेळगावला उस्ताद (प्रशिक्षक) ते करून घेतात. बीपीईटीत (लढाईसाठीच्या शारीरिक क्षमतेच्या चाचणीत) पिठ्ठू (पाठीवरची पिशवी) आणि रायफल घेऊन ५ किलोमीटर पळावं लागतं, शिवाय उभा रस्सा, आडवा रस्सा, ६० मीटर स्प्रिंट, खड्डा. म्हणजे वजनाची परीक्षा आहेच, फक्त भरतीनंतर.

सोळाशेला खर्च काय? रस्ता आणि बूट. डेडलिफ्ट आली की बार, प्लेटा, जिमची फी. कोरडवाहू रानावर घर चालणाऱ्याच्या पोराने ती कुठून भरायची? आणि अमेरिकेचं सांगता, तर त्यांनी आधी लेग टक (बारला लटकून गुडघे वर घेणं) काढला, २०२५ मध्ये चेंडूफेक काढून चाचणीचं नावही बदललं. त्यांचंच अजून बस्तान बसलेलं नाही.

फिजिओ_कराड
हवालदार साहेब, खर्चाचं अगदी बरोबर. पण माझ्याकडे येणारी भरतीची पोरं बहुतेक नडगी धरून येतात. रोज डांबरी रस्त्यावर, रोज पूर्ण वेगात. दम आणि स्नायू लवकर वाढतात, हाडाला ओझ्याची सवय व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. असा पोरगा सेंटरवर गेला आणि एकदम पिठ्ठू पाठीवर आला, तर स्ट्रेस फ्रॅक्चरचा (सततच्या ताणाने हाडाला बारीक तडा जाण्याचा) धोका वाढतो.

अमेरिकी हवाई दलाचे डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये बारा मिनिटांची धावचाचणी मांडली, त्यानंतर धाव ही तंदुरुस्तीची मुख्य कसोटी म्हणून जगभर पसरली. हृदय-फुप्फुसांसाठी ती उत्तमच आहे. पाठीची ताकद मात्र तिच्यातून कळत नाही.

कृष्णाकाठ
जिम कोण मागतंय साहेब? वीस किलो वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन शंभर मीटर. पोतं प्रत्येक गावात आहे. आणि सेंटरवर घडवतील म्हणता, पण अग्निवीराची अख्खी नोकरी चार वर्षांची, प्रशिक्षण त्यातच धरलेलं. तिथला एकेक आठवडा मोलाचा आहे. पोरगा घरूनच थोडा तयार होऊन जाऊ दे की.

माजी हवालदार, मराठा लाइट इन्फंट्री
पोत्याचं चालेल, एका अटीवर. मोजमाप घड्याळानेच व्हायला हवं. "पोतं नीट उचललं की नाही" हे माणसाने ठरवायचं म्हटलं, की वशिल्याला वाट मिळाली. सोळाशेवर गरिबाचा विश्वास आहे तो घड्याळामुळे.

भरतीवाला_जत
काका, दादा, मी सध्या तयारी करतोय. २०२३ पासून लेखी आधी झाली, तेव्हा आमच्याकडची किती तरी पोरं नुसती मैदानाची तयारी करून बसली होती. पोतं आणा, काहीही आणा, आम्ही करू. फक्त वर्षभर आधी जाहीर करा आणि वय निघून चाललेल्यांच्या शेवटच्या संधीला मध्येच नियम बदलू नका.