लायबेरियाच्या मेरीलँड काउंटीवर दिवाळी अंकासाठी लेख : मांडणी कशी करावी? सल्ला हवा

रानवाट :
एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एखाद्या लहान प्रदेशाविषयी चार हजार शब्दांचा लेख मागितला आहे. संपूर्ण देश घेतला तर सगळेच वरवरचे होईल, म्हणून मी लायबेरियाच्या आग्नेय टोकाची मेरीलँड काउंटी (म्हणजे जिल्हा) निवडली आहे. हार्पर हे तिचे मुख्य ठाणे असून पूर्वेला कवाला नदी आणि नदीपलीकडे आयव्हरी कोस्ट आहे. मूळचे रहिवासी ग्रेबो. १८३४ पासून अमेरिकेतून येथे कृष्णवर्णीय स्वतंत्र माणसे आणून वसवली गेली. आणि १८५४ ते १८५७ या काळात हा चिमुकला प्रदेश चक्क स्वतंत्र राज्य होता. या अल्पजीवी राज्यापासून सुरुवात करण्याचा मोह होतो, परंतु तसे केले की लेख वसाहतवाल्यांचाच होऊन बसतो आणि ग्रेबो त्यात केवळ हल्ला करण्यापुरते येतात. क्रम कोणता ठेवावा, काय घ्यावे आणि काय सोडावे, हे जाणकारांनी सुचवावे. छायाचित्रांना जागा नाही. एक नकाशा मात्र मिळणार आहे.

कंटूर :
सुरुवात हार्परच्या पामास भूशिरापासून करावी. लायबेरियाचा किनारा वायव्येकडून आग्नेयेकडे उतरत येतो आणि पामास भूशिरापाशी वळून पूर्वेकडे निघतो. गिनीच्या आखाताचा आरंभ पुष्कळ भूगोलकार याच वळणापासून मानतात. भूशिराचे नाव पोर्तुगीज खलाशांनी तिथल्या ताडांवरून ठेवले. जुन्या युरोपीय नकाशांवर या वळणाच्या पश्चिमेला 'दाण्यांचा किनारा' आणि पूर्वेला 'हस्तिदंताचा किनारा' अशी नोंद असे. दाणे म्हणजे मेलेगेटा, आल्याच्या कुळातल्या एका झाडाचे मिरीसारखे तिखट बी. मलबारची मिरी समुद्रमार्गे थेट लिस्बनला उतरू लागल्यावर मेलेगेटाची मागणी घटत गेली. आपल्या किनाऱ्याशी असलेला हा दुवा खरा आहे, पण तो एका वाक्यात उरकावा.

भूगोलातली दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. या किनाऱ्यावर सुरक्षित नैसर्गिक बंदरे जवळजवळ नाहीत. लाटा काठाशी जोरात फुटतात, त्यामुळे जहाजे दूरवर नांगर टाकून उभी राहत आणि माणसे व माल लहान होड्यांतून लाटा कापत आणावा लागे. हे काम प्रामुख्याने ग्रेबो आणि त्यांचे शेजारी क्रू करत. त्यांचे समुद्रावरचे महत्त्व आणि पुढे मजूर म्हणून झालेली त्यांची पिळवणूक, या दोन्हींचे मूळ या काठाच्या रचनेत आहे, हे वाचकाला पहिल्याच पानावर कळले पाहिजे. पावसाविषयी एवढेच लिहावे की राजधानी मोनरोव्हियाला वर्षाकाठी साडेचार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर हार्परला त्याहून बराच कमी पडतो आणि मध्ये जुलै-ऑगस्टच्या सुमारास उघडीप मिळते.

बखरकार :
कंटूर यांच्या सूचनेशी मी सहमत आहे, परंतु भूशिरानंतर थेट १८३४ च्या खरेदीखताकडे यावे. सगळा पुढचा इतिहास त्या एका कागदात दडलेला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८३१ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियात नॅट टर्नरच्या नेतृत्वाखाली गुलामांचे बंड झाले आणि शेजारच्या मेरीलँड राज्यातील मालकवर्गाला, गुलामांइतकीच, त्यांच्या आसपास वावरणाऱ्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांची धास्ती वाटू लागली. त्यांना आफ्रिकेत पाठवण्यासाठी राज्याच्या विधिमंडळाने पैसा मंजूर केला आणि मेरीलँड वसाहत संस्थेने तो खर्च केला. फेब्रुवारी १८३४ मध्ये संस्थेचा प्रतिनिधी डॉ. जेम्स हॉल पामास भूशिरावर उतरला आणि ग्रेबो राजांशी बोलणी करून त्याने जमीन घेतली. मोबदल्यात व्यापारी माल दिला, पण त्या किनाऱ्याच्या रिवाजाविरुद्ध दारू दिली नाही, कारण संस्था दारूबंदीवाली होती. ग्रेबोंची गावे आणि शेते त्यांच्याकडेच राहतील व गावांत शाळा काढल्या जातील, असेही ठरले. आता दोन्ही बाजूंना या व्यवहारातून काय मिळाले असे वाटत होते, ते शेजारी शेजारी मांडा. ग्रेबोंच्या हिशेबाने कायमची पेढी आणि शाळा दाराशी आली होती. वसाहतवाल्यांच्या हिशेबाने भूमीची सत्ता हाती आली होती. आणि हे सगळे एवढ्याशा जागेत चालले होते की भूशिरावरचे ग्बेनेलू हे ग्रेबो गाव वसाहतीच्या ऐन मध्यावर, गव्हर्नरच्या घराच्या नजरेच्या टप्प्यात नांदत होते.

जॉन रसवर्म यांना एक पूर्ण परिच्छेद द्यावा. १८२६ मध्ये बोडन महाविद्यालयाची पदवी, १८२७ मध्ये अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय वृत्तपत्राचे सहसंपादकत्व, आणि १८३६ पासून १८५१ मध्ये मृत्यू येईपर्यंत या वसाहतीचे गव्हर्नरपद. त्यांच्या पश्चात दबलेले वाद वर आले. १८५६ च्या अखेरीस गव्हर्नर ड्रेटन यांनी ग्बेनेलूवर चाल केली, गाव जाळले गेले आणि तिथल्या ग्रेबोंना हॉफमन नदीपलीकडे हुसकावण्यात आले. पुढच्याच महिन्यात याच लढाईत शेफर्ड सरोवरावर होडी उलटून वसाहतीची अनेक माणसे बुडाली. अखेर लायबेरियाची मदत मागावी लागली आणि १८५७ मध्ये हे राज्य लायबेरियाची काउंटी होऊन संपले. आपले 'प्रजासत्ताक' हे एवढेच आहे. त्याला दीड पानापेक्षा अधिक जागा देऊ नये.

त्याऐवजी १८७५ वर थांबावे. मिशनऱ्यांनी १८३० च्या दशकातच येथे छापखाना आणून ग्रेबो भाषेत पुस्तिका छापल्या होत्या. त्या शाळांत शिकलेल्या पिढीने ग्रेबो गावांचा संघ उभारला, आपले म्हणणे लेखी मांडले आणि त्या वर्षी लायबेरियाच्या सैन्याचा पराभवही केला. तहासाठी अमेरिकेची युद्धनौका यावी लागली. आपल्याला ग्रेबो केवळ हल्लेखोर म्हणून नको आहेत ना? मग हे प्रकरण सोडू नका.

रानवाट :
अत्यंत उपयुक्त. खरेदीखताचे दोन हिशेब हा कणा मला पटला. आता समाजजीवनाविषयी विचारतो. 'लोक' या मथळ्याखाली सण, पोशाख आणि अन्न यांची जंत्री देण्याचा माझा विचार नाही. त्याऐवजी कोणती एखादी गोष्ट जवळून दाखवावी?

ओटी :
स्त्रियांचा बाजार दाखवा. ग्रेबो गावांत पुरुषांच्या सत्तास्थानांच्या जोडीला स्त्रियांचे स्वतंत्र मंडळ आणि स्त्रीप्रमुख असे. गावाच्या निर्णयांत त्यांचा शब्द चाले, कारण शेती आणि घरचे धान्य त्यांच्या हाती होते. मिशनच्या शाळा आल्यावर हार्परच्या ग्रेबोंमध्येच 'सुसंस्कृत' आणि 'देशी' असे दोन दर्जे पडले, आणि हे शब्द तिथल्या इंग्रजीत आजही सर्रास वापरले जातात. गंमत अशी की शिकलेला पुरुष गरीब झाला तरी त्याचा 'सुसंस्कृत' दर्जा टिकतो. शिकलेली बाई मात्र फ्रॉक सोडून दोन लापे नेसून (लापा म्हणजे कमरेभोवती गुंडाळायचे छापील कापड) बाजारात माल विकायला बसली की तिचा दर्जा जातो. आणि बाजारात बसणाऱ्या बाईकडे मात्र पुष्कळदा त्या 'सुसंस्कृत' बाईपेक्षा अधिक रोख पैसा असतो. वसाहतीने समाजात नेमके काय केले, हे त्या बाजारातल्या पाटावर जितके दिसते तितके कोणत्याही तहनाम्यात दिसत नाही.

नांगरगडी :
मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली आहे, म्हणून समुद्राच्या बाजूने थोडे लिहितो. आपल्याकडच्या अनेक खलाशी कुटुंबांना लायबेरिया ठाऊक आहे तो जहाजाच्या मागच्या अंगावर रंगवलेल्या 'मोनरोव्हिया' या नावामुळे. ही परदेशी जहाजांची नोंदणी १९४८ च्या कायद्याने सुरू झाली, आणि ती सुरू झाली तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी होते विल्यम टबमन, हार्परमध्ये १८९५ साली जन्मलेले. मराठी वाचकाला मेरीलँड काउंटीशी जोडणारा धागा हवा असेल तर हा आहे, बनावट नाही.

पण टबमन यांच्यावर फार रेंगाळू नका. त्याआधीचे फर्नांदो पो प्रकरण लेखात यायलाच हवे. या किनाऱ्याचे पुरुष एकोणिसाव्या शतकात इंग्रजी जहाजांवर स्वखुशीने, मजुरी ठरवून जात. कपाळावरून नाकापर्यंत गोंदलेली निळी रेघ ही त्यांची ओळख होती, आणि हा माणूस गुलाम म्हणून विकायचा नाही, असा तिचा अर्थ मानला जाई. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मात्र याच भागातून माणसे सक्तीने गोळा करून स्पॅनिश ताब्यातील फर्नांदो पो बेटावरच्या कोकोच्या मळ्यांत पाठवली गेली. त्यात पुढाकार घेणाऱ्यांपैकी अ‍ॅलन यान्सी हे आधी याच काउंटीचे प्रशासक होते आणि नंतर देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) आयोगाचा अहवाल १९३० मध्ये आला आणि त्या वर्षअखेर राष्ट्राध्यक्ष किंग आणि यान्सी या दोघांनाही पायउतार व्हावे लागले. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या वंशजांनी चालवलेल्या राज्यात हे घडले, हे लिहिताना आवाज चढवण्याची गरज नाही. तारखा आणि पदे पुरेशी आहेत.

बखरकार :
नांगरगडी यांच्याशी पूर्ण सहमत. त्याच जोडीला विल्यम वाडे हॅरिस यांना स्थान द्यावे. ग्रेबो, तरुणपणी जहाजावर काम केलेले, पुढे शाळामास्तर आणि सरकारी दुभाषी. सरकारविरोधी उठावाच्या आरोपावरून तुरुंगात गेले आणि तिथे त्यांना दृष्टान्त झाला. १९१३ मध्ये पांढरा झगा घालून, हातात बांबूचा क्रूस घेऊन ते कवाला ओलांडून पायी आयव्हरी कोस्टमध्ये शिरले. दीड-दोन वर्षांत एक लाखाहून अधिक माणसांनी त्यांच्याकडून बाप्तिस्मा घेतल्याचे मानले जाते; घाबरलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी अखेर त्यांना हद्दपार केले. सीमेलगतच्या पट्ट्यात हॅरिस यांना भाषा परकी वाटली नाही, कारण तिथे दोन्हीकडे ग्रेबोंचेच भाईबंद राहतात; पुढे मात्र त्यांना दुभाष्यांमार्फत बोलावे लागले.

रानवाट :
क्रम ठरला : भूशिर आणि लाटा, खरेदीखत, ग्बेनेलू, १८७५, बाजार, हॅरिस, फर्नांदो पो. रबराचे मळे आणि यादवी युद्ध यांना शेवटी दोन परिच्छेद देतो. नकाशावर नेमके काय दाखवावे?

कंटूर :
हार्पर, प्लीबो, हॉफमन नदी, शेफर्ड सरोवर आणि कवाला एवढी नावे पुरे. मात्र नकाशा कवालापाशी कापू नका. पूर्वेला सान पेद्रो नदीपर्यंत वाढवा. लायबेरियाचा दावा तिथवर होता आणि १८९२ च्या करारात तो पट्टा फ्रान्सकडे गेला. जुनी हद्द तुटक रेघेने दाखवलीत, तर २०११ मध्ये आयव्हरी कोस्टमधील निवडणूक-संघर्षातून पळालेल्यांपैकी काही लोक नदी ओलांडून मेरीलँडमध्ये का आले, ते वेगळे सांगावे लागणार नाही.