मदत हवी आहे: बारावीला ९४ टक्के, नीटला ४३८, एमबीबीएस मिळेल का?

अंबड_लिंक_रोड
पुतणीसाठी विचारतोय. बारावी नाशिकमधूनच, ९४ टक्के. पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायो) ३०० पैकी २८३. नीट २०२५ ला ४३८. एवढे टक्के आहेत तर त्याचं काहीतरी वजन पडेलच, असं घरात सगळ्यांचं म्हणणं. आडगावचं मविप्रचं कॉलेज किंवा घोटीचं एसएमबीटी मिळालं तरी चालेल, सरकारी मिळालं तर सोन्याहून पिवळं. चान्स किती? फॉर्मला दोनच दिवस उरलेत, त्यामुळे 'प्रयत्न करत राहा' छाप उत्तरं नकोत.

गोदाकाठ
बारावीच्या टक्क्यांचं वजन शून्य. पीसीबी मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीवला ४० टक्के, एवढी पात्रतेची अट असते. ती ओलांडली की २८३ वाली आणि १५१ वाली एकाच रांगेत. पुढचं मेरिट निव्वळ नीटचं.

४३८ या आकड्यालाही एकट्याला अर्थ नाही. खुल्या गटाची पात्रता २०२४ ला १६२ वर थांबली होती, यंदा १४४ वर. पहिला नंबर तेव्हा ७२० ला होता, यंदा ६८६ ला. पेपर अवघड गेला म्हणून सगळेच खाली आले. गेल्या वर्षीचे कटऑफ मार्कांत बघून उगाच घाबरू नका, रँकशी रँक लावा. एआयआर (अखिल भारतीय रँक) किती आहे?

कागदपत्रवाली
काका, या चार गोष्टी आधी लिहा, नाहीतर सगळेच हवेत बाण मारतील: एआयआर, कॅटेगरी, मुलीच्या आईवडिलांचं वार्षिक उत्पन्न, आणि दहावी-बारावी दोन्ही इथलीच ना?

अंबड_लिंक_रोड
एआयआर १ लाख ५२ हजारच्या पुढे. आम्ही मराठा. भावाचं उत्पन्न सातेक लाख, खाजगी कंपनीत आहे. दहावीला तर ९६ टक्के होते. आता सांगा.

तर्री_जास्त
मग एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) दाखला काढा की. राज्यात १० टक्के आहे. वर मुलींना ३० टक्के समांतर आरक्षण. खाजगीत काठावर बसेल. आणि फीचं टेन्शन नाही: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या एसईबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ.

गोदाकाठ
माफी कॅप राऊंडमधून (सरकारी प्रवेश फेऱ्यांतून) मिळालेल्या जागेला. संस्था कोट्याला नाही, खाजगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठाला नाही. हॉस्टेल-मेस खिशातूनच. अर्धंच सांगितलं तर लोक आडगावात रूम बघायला जातील.

द्राक्षबाग
कुणबी नोंद सापडते का बघा ना. पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूचं रजिस्टर, जुने महसुली कागद. नोंद निघाली तर ओबीसी, आणि कुणबी केंद्राच्या यादीतही आहे, म्हणजे दिल्लीच्या कौन्सेलिंगलाही चालतं. एसईबीसी राज्याबाहेर शून्य.

तर्री_जास्त
दोन दिवसांत नोंद, दाखला, पडताळणी? दादा, पडताळणीच्या नुसत्या पावतीला किती दिवस लागतात माहितीये का? आणि मुळात ज्यांना खरंच गरज

धागा_राखणदार
आरक्षण हवं की नको याचे धागे वेगळे आहेत, तिकडे जा. पुढचे तीन प्रतिसाद उडवलेत.

जॉर्जिया_कॉलिंग
एवढी झिगझिग कशाला? नीट क्वालिफाय आहे, बाहेर पाठवा. तीन वर्षं चालतो तो स्कोअर. इथल्या खाजगीच्या निम्म्यात होतं.

गोदाकाठ
होतं, पण अटींसकट सांगा. २०२१ च्या नियमांप्रमाणे कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी होईल अशी पदवी. परत आल्यावर ३०० पैकी १५० ची परीक्षा, ती सुटल्यावर इथेही इंटर्नशिप. यातली एक अट जरी चुकली तरी परत आल्यावर नोंदणी होत नाही. एजंटच्या रंगीत पत्रकात ५४ महिने हा शब्द कुठे आहे ते आधी शोधा.

कागदपत्रवाली
काका, मी टक्के नव्हते विचारले. दहावी कुठल्या गावातून झाली?

पांढरा_कोट
फिजिक्स-केमिस्ट्री-बायो वेगवेगळे किती? रिपीट करायचं की नाही हे ४३८ वरून ठरत नाही.

अंबड_लिंक_रोड
बायो २८५, केमिस्ट्री १०१, फिजिक्स ५२. दहावी वापीची. भाऊ तिकडे केमिकल कंपनीत आहे. पोरगी अकरावीला आमच्याकडे आली. जन्म नाशिकचा, डोमिसाईल निघालंय, त्यामुळे तो प्रश्न नाही.

कागदपत्रवाली
तोच प्रश्न आहे हो काका. राज्याच्या ८५ टक्के कोट्याला डोमिसाईल एकटं पुरत नाही. डोमिसाईल आणि दहावी आणि बारावी, तिन्ही महाराष्ट्राची लागतात. सूट आहे ती सैन्यदल, केंद्र-राज्य सरकारी नोकरीतल्या आईवडिलांची बदली वगैरे ठरलेल्या प्रकारांना. खाजगी नोकरीला नाही. फॉर्म ऑनलाइन भरला जाईल, पैसेही घेतले जातील, पण कागद तपासताना दहावीच्या मार्कशीटवर गुजरात बोर्ड दिसलं की तुम्ही महाराष्ट्राबाहेरचे उमेदवार. एसईबीसी, मुलींचं ३० टक्के, फीमाफी, सगळं त्याच क्षणी गळतं.

अंबड_लिंक_रोड
असं कसं? सात पिढ्या निफाडच्या आमच्या. सातबारा आहे.

कागदपत्रवाली
सातबाऱ्यावरून शिक्षण ठरत नाही. आणि बारावी नाशिकची, त्यामुळे गुजरातच्या कोट्यातही ती बसत नाही.

सीमाभाग
बेळगाव-बिदरकडच्या ८६५ गावांना मात्र वेगळी तरतूद आहे, सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी. माहितीसाठी.

तर्री_जास्त
वापी त्यात येत नाही राव.

गोदाकाठ
मग चित्रच बदललं. काय उरतं ते बघू.

एमसीसीचा (केंद्राची प्रवेश समिती) १५ टक्के अखिल भारतीय कोटा. खुल्या गटात सरकारी एमबीबीएस साधारण वीस-पंचवीस हजारांच्या रँकपर्यंत संपतं. दीड लाखाला नाही. केंद्राचं ईडब्ल्यूएस काढलं तरी फार फरक पडत नाही.

अभिमत विद्यापीठं. रँकने मिळेल, पैशाने अडेल. पुण्या-मुंबईत बऱ्याच ठिकाणी वर्षाला २० लाखांच्या पुढे, गुणिले साडेचार.

खाजगी कॉलेजांचा १५ टक्के संस्था कोटा. तो सगळ्या भारताला खुला, आणि तोही सीईटी सेलच्या (राज्याचा प्रवेश कक्ष) यादीतूनच भरतो. म्हणजे 'आतून सीट करून देतो, टोकन द्या' म्हणणारा माणूस तुमच्याकडे जे मागतोय ते विकायचा त्याला अधिकारच नाही. फी साध्या जागेच्या कितीतरी पट.

कर्नाटक. तिथल्या खाजगी कॉलेजांत बाहेरच्यांना काही जागा असतात, पण केईएची (तिथली प्रवेश संस्था) नोंदणी वेगळी आणि तिची मुदत वेगळी.

पंचवटीकर
बीएएमएस का नाही कोणी बोलत? गणेशवाडीचं आयुर्वेद महाविद्यालय जुनं, नावाजलेलं. नीटच्याच मार्कांवर.

पांढरा_कोट
राज्य कोट्यासाठी आयुषच्या माहितीपत्रकातली पात्रता आधी वाचा, तिथेही दहावी-बारावी विचारतात. अखिल भारतीय आयुषसाठी एएसीसीसीची (केंद्राची आयुष प्रवेश समिती) नोंदणी स्वतंत्र. आणि एक विचारतो: मुलीला आयुर्वेद शिकायचंय का? 'एमबीबीएस नाही तर बीएएमएस' म्हणून ढकललेली पोरं दुसऱ्या वर्षाला परत नीटचा फॉर्म भरताना दिसतात.

पंचवटीकर
हे सरसकट आहे.

पांढरा_कोट
आहे, थोडं. आता रिपीटचं.

बायो २८५ उत्तम आहे. फिजिक्स ५२ ला दोन वाटांनी पोचता येतं, म्हणून विचारतो, बरोबर-चूक किती? ओएमआर (उत्तरपत्रिका) आणि उत्तरतालिका जुळवली असेलच.

अंबड_लिंक_रोड
तिला विचारून सांगतो... फिजिक्स १८ बरोबर, २० चूक, ७ सोडले. केमिस्ट्री २८ बरोबर, ११ चूक, ६ सोडले. बायो ७५ बरोबर, १५ चूक.

पांढरा_कोट
बघा, १८ चोक ७२, वजा २०. ते वीस नुसते कोरे ठेवले असते तरी एक ओळ जास्त न वाचता २० मार्क जास्त. चार पर्यायांत डोळे मिटून ठोकलं तर चारात एक बरोबर, म्हणजे ४ वजा ३, प्रत्येक चार प्रश्नांमागे १ मार्क फायदाच व्हायला हवा. वीसातले किती अंदाजाने चुकले हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. पण बऱ्याच ठिकाणी तिला उत्तर येतंय असं वाटलं असेल आणि तिने सापळ्याचा पर्याय निवडला असेल. एकक बदललेलं, चिन्ह उलटं, अर्धीच पायरी केलेली. मग बोर्डात एवढे कसे आले? तिथे ३० प्रात्यक्षिकाचे, आणि लेखी ७० मध्ये व्याख्या, सिद्धता, पायरीला मार्क. नीटमध्ये पायरीला काही नाही.

त्या वीस प्रश्नांपुढे प्रत्येकी एकच शब्द लिहायला सांगा: सूत्र, आकडेमोड, वाचन, वेळ. 'सूत्र' दहाच्या वर आलं तर पाया कच्चा, वर्षभर लागेल. 'वाचन' आणि 'आकडेमोड' जास्त आलं तर दोन-तीन महिन्यांच्या सरावाने सुधारतं.

गोदाकाठ
पण रिपीट करताना हे डोक्यात ठेवा: दहावीची मार्कशीट पुढच्या वर्षीही वापीचीच राहणार. नाशकातली इतर मुलं राज्य कोट्यासाठी जो रँक धरून चालतात, तो हिच्या कामाचा नाही. हिचं लक्ष्य अखिल भारतीय कोटा, म्हणजे पंचवीस हजारांच्या आत. दीड लाखावरून ती उडी मोठी आहे. क्लासवाला हे सांगणार नाही, तो फी घेऊन मोकळा.

जुनाच_सदस्य
४३८ ला आडगाव मिळायला हरकत नाही. एसईबीसी आहे का?

तर्री_जास्त
वर वाचा हो.

द्राक्षबाग
आणि रिपीटच करायचं ठरलं तर कुणबी नोंद आत्तापासून शोधा. केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रिमीलेअर हातात पाहिजे. नाही सापडली तर केंद्राचं ईडब्ल्यूएस, पण त्याला शेती ५ एकरांच्या आत लागते. निफाडचा सातबारा सामाईक आहे का?

अंबड_लिंक_रोड
तिघा भावांचा मिळून ११ एकर.

कागदपत्रवाली
वाट्याला पावणेचारच्या आत येतात, पण खातेफोड झालेली नसेल तर तहसीलला तिथेच अडकतं. हिस्सा दाखवणारा कागद आधी करा. आणि ईडब्ल्यूएस दाखला दर आर्थिक वर्षाचा नवा लागतो, १ एप्रिलनंतर काढा. मार्चमध्ये घाईने काढलेला जुलैत निरुपयोगी.

अंबड_लिंक_रोड
भावाशी फोनवर बोललो. तो म्हणतो अभिमतचं एमसीसीत टाकून तर ठेवू, बघू काय लागतं. किती भरावे लागतात?

गोदाकाठ
अभिमतसाठी २ लाख अनामत अधिक ५ हजार नोंदणी, ते ५ हजार परत येत नाहीत. त्यातच अखिल भारतीय कोटाही धरला जातो, वेगळे भरू नका. 'बघू काय लागतं' हे फक्त पहिल्या फेरीत चालतं: जागा लागली आणि नाही गेलात तरी अनामत शाबूत. दुसऱ्या फेरीपासून लागलेली जागा सोडली की २ लाख गेले. म्हणून दुसऱ्या फेरीच्या यादीत फक्त तीच कॉलेजं ठेवा ज्यांची साडेचार वर्षांची फी भाऊ खरंच भरणार आहे. एक्सेलमध्ये तीन रकाने करा: कॉलेज, गेल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीतला शेवटचा रँक, एकूण फी. फीचा रकाना भावालाच भरायला सांगा, वाचताना यादी आपोआप लहान होते.

कागदपत्रवाली
आणि काका, पैसे भावाच्याच खात्यातून भरा. ज्या खात्यातून किंवा कार्डवरून गेले, परतावा तिथेच येतो. कॅफेवाल्याच्या कार्डवरून भरून त्याला रोख दिली, तर ऑक्टोबरात २ लाखांसाठी त्याच्या दुकानाबाहेर उभं राहावं लागेल.

अंबड_लिंक_रोड
कॅफेतच बसलोय. थांबवतो त्याला.