मदत हवी आहे : शेजाऱ्यांच्या स्लॅबला मालकाच्या जागी उभं राहायचंय

नमस्कार मंडळी,

आमच्या रांगेत चार प्लॉटवर एकाच वेळी बांधकामं चालू आहेत. चौघंही नोकरी सांभाळून घर बांधणारे, बांधकामाचा गंध आधी कुणालाच नव्हता. सुरुवातीला नुसती मान हलवण्यापुरती ओळख होती. आता एकाच्या साइटवर माल उतरायचा असेल आणि तो कामावर अडकला असेल, तर जो हजर असेल तो गोण्या मोजून घेतो, पावतीवर सही करतो, फोटो टाकतो. लेव्हल पाइप चौघांत एक. काँक्रीट हलवून घट्ट बसवायचा व्हायब्रेटर भाड्याने आणला की दोघांचे कॉलम उरकूनच परत जातो. प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, आखणीच्या वेळी कोपऱ्यावरच्या काकांनी काटकोन तपासायचं ३-४-५ चं माप आणि कर्ण मोजणं शिकून घेतलं आणि मग सगळ्यांकडे टेप घेऊन फिरले. एका ठिकाणी दोन कर्णांत चांगला तीन बोटं फरक निघाला, तिथली लाईनदोरी पुन्हा मारून घेतली.

आता मुद्द्याचं. पलीकडच्या प्लॉटवाल्या दादांचा पहिला स्लॅब पुढच्या आठवड्यात आहे आणि त्या दिवशी त्यांना सुट्टी मिळत नाहीये. म्हणाले, "ताई, त्या दिवशी मालक तुम्हीच." मी हो म्हणून बसले. इंजिनिअर आदल्या संध्याकाळी येऊन स्टील तपासणार आहेत, पण ओतकामाला थांबणार नाहीत, फोनवर असतील. स्लॅब पाच इंची, म्हणजे १२५ मिमी. मोठ्या खोलीचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ४ मीटरच्या आत. पुढे साधारण १.२ मीटरची गॅलरी, तिला खालून कसलाही आधार नाही. काँक्रीट साइटवरच मिक्सरमध्ये होणार.

काल सहज सेंट्रिंगखाली (काँक्रीट घट्ट होईपर्यंत स्लॅब तोलून धरणाऱ्या प्लेटा आणि वाशांच्या साच्याखाली) डोकावले, तर निम्मे वासे प्लिंथमधल्या भरावावर उभे. कुठे खाली विटेचा तुकडा, कुठे तोही नाही. मिस्त्रींना विचारलं, तर "ताई, इतकी वर्षं असंच करतोय" असं ठरलेलं उत्तर मिळालं. आता हे दादांना सांगू का? ते आधीच टेन्शनमध्ये आहेत. की मला उगाच शंका येतेय?

आणखी एक अडचण आहे, ती दादांपाशी बोलता येत नाही. आमचा सेंट्रिंगवाला एकच आहे. त्यांच्या प्लेटा आणि वासे सुटले की ते माझ्याकडे येणार. म्हणजे त्यांचं सेंट्रिंग लवकर सुटावं यात माझाच फायदा, आणि देखरेखही मीच करायची!

जाणकारांनी सांगावं, त्या दिवशी नेमकं काय बघू आणि कशात तोंड घालू नको?

ओळंबा

शंका उगाच नाही. आजच सांगा.

हिशोब बघा. ओल्या काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २४०० किलो. १२५ मिमी जाडी म्हणजे दर चौरस मीटरला ३०० किलो, आणि यात वर नाचणारी माणसं, घमेली, स्टील, प्लेटा धरलेल्याच नाहीत. वासे मीटर-मीटरवर असतील तर एका वाशाच्या वाट्याला किमान ३०० किलो आले. १० सेंमी जाड वाशाचं बूड जेमतेम ७८ चौरस सेंमी, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पावणेचार किलोच्या वर. नुसता ओतून चोपलेला भराव हे कुठून सोसणार? त्याच वाशाखाली ३० बाय ३० ची जाड फळी टाकली, तर तोच भार ९०० चौरस सेंमीवर पसरतो आणि दाब एक तृतीयांश किलोवर येतो. विटेच्या तुकड्याने काम भागत नाही. तो एक तर भरावात रुततो, नाही तर फुटतो.

यात पाण्याचा भाग लोक विसरतात. मिक्सर धुतलेलं पाणी, प्लेटांच्या फटीतून गळणारं पाणी, सगळं खाली भरावात जिरतं. सकाळी घट्ट वाटणारी माती दुपारी मऊ होते, आणि नेमका तेव्हाच स्लॅबचा सगळा भार वाशांवर असतो. वासा इंचभर जरी खचला तरी स्लॅबला तिथे कायमचं पोट येतं.

तेव्हा प्रत्येक वाशाखाली सलग फळी, फळी आणि वासा यांच्यामध्ये पाचर, वासे ओळंब्यात आणि एकमेकांना आडवे बांधलेले. हे सगळं स्टील बांधायच्या आधी झालं असतं तर उत्तम, पण आताही खालून करता येतं. मिस्त्रींशी वाद घालत बसू नका. फोटो काढा, इंजिनिअरना पाठवा, निरोप त्यांच्याकडून जाऊ दे.

रात्रपाळी

मी दुसऱ्यांच्या साइटवर असा उभा राहिलेलो आहे, माझ्याही साइटवर दुसरे उभे राहिलेत. तांत्रिक बाजू वरचे सांगतील, मी माणसांचं सांगतो.

आदल्या संध्याकाळी इंजिनिअर येतील तेव्हा दादा, मिस्त्री आणि तुम्ही असे चौघं एकत्र उभे राहा. दादांनी मिस्त्रींसमोर म्हणायला हवं, "उद्या ताईंचा शब्द तो माझा शब्द." हे वाक्य मालकाच्या तोंडून, मिस्त्रींच्या कानावर पडलं पाहिजे. नाहीतर दुपारपर्यंत "मालकांना फोन लावतो" सुरू होतं आणि मालक बिचारा कामावर फोन उचलू शकत नाही.

काम कशासाठी थांबवायचा अधिकार तुम्हाला आहे, तेही तिथेच ठरवा. मी तीन गोष्टी ठेवतो: सेंट्रिंग हललं किंवा कुठून आवाज आला, काँक्रीट पातळ व्हायला लागलं, वरचं स्टील दबलं. बाकी कशासाठी थांबवायचं नाही. दिसलं ते लिहून ठेवायचं, इंजिनिअरना फोन करायचा.

पैशांचं, जादा कामाचं, "एवढं वाढवून टाकू का" याचं उत्तर तुम्ही द्यायचंच नाही. मिस्त्री विचारणार, कारण मालकापेक्षा तुम्ही लवकर हो म्हणाल असं त्यांना वाटतं.

आणि दादा टेन्शनमध्ये आहेत म्हणून लपवू नका हो. आज सांगितलं तर फळ्या आणायला वेळ आहे.

तिसरा_मजला

गॅलरी! सगळं लक्ष तिथे.

आतल्या स्लॅबचं मुख्य स्टील खाली असतं, आधार नसलेल्या गॅलरीचं वर. कारण गॅलरी वाकते ती खालच्या बाजूला, म्हणजे ताण येतो वरच्या अंगाला. ओतकामाच्या वेळी माणसं घमेली घेऊन नेमकी त्याच वरच्या सळ्यांवरून जातात, सळ्या पायाखाली दबतात आणि गुपचूप तळाला जाऊन बसतात. वरून काँक्रीट पडलं की काहीच दिसत नाही. मग सेंट्रिंग काढल्यावर भिंतीलगत वरून तडा दिसतो, आणि तोही नशीब चांगलं असेल तर.

आदल्या दिवशी बघा : वरच्या सळ्यांखाली चेअर (त्यांना उचलून धरणारे वाकवलेल्या सळीचे तुकडे) पुरेशा आहेत का, हाताने दाबून सळी खाली जाते का, आणि गॅलरीच्या सळ्या आत स्लॅबमध्ये ड्रॉइंगमध्ये दाखवलेल्या लांबीइतक्या गेल्यात का. बाहेर जेवढी गॅलरी तेवढी तरी लांबी आत हवीच, ड्रॉइंगमध्ये सहसा त्याहून जास्त असते. त्या दिवशी माणसांना चालायला फळ्यांची वाट करून द्या, आणि त्या फळ्या सळ्यांवर टेकलेल्या नसाव्यात.

फोटो काढताना टेप सळ्यांवर पसरून काढा, म्हणजे अंतर वाचता येतं. उद्या भिंतीला ड्रिल मारताना, गॅलरीला ग्रिल लावताना हेच फोटो कामाला येतील.

काटकोन

वरचं सगळं मान्य, पण स्लॅबची वाट लागते ती मिक्सरपाशी. ताई, अर्धा दिवस तिथेच उभ्या राहा.

इंजिनिअरना आधी विचारून ठेवा, एका गोणीला किती लिटर पाणी. ५० किलोच्या गोणीला २५ लिटर म्हणजे पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.५ झालं. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही यातच धरायचं, म्हणजे वरून घालायचं आणखी कमी. डब्यावर खूण करून घ्या आणि पाइप मिक्सरपासून लांब ठेवायला लावा. ऊन चढलं की वरून हाक येते "पातळ सोड रे", कारण पातळ काँक्रीट आपसूक पसरतं, फावड्याला मेहनत नाही. ते जादा पाणी नंतर उडून जातं आणि मागे राहतात भोकं.

व्हायब्रेटर: सुई, म्हणजे त्याची काँक्रीटमध्ये बुडणारी थरथरती नळी, उभी घालायची, बुडबुडे थांबले की हळूहळू वर काढायची. सुईने काँक्रीट ढकलत नेणं, सळीला टेकवून सळी हलवत बसणं हे दिसलं की टोका. दुसरा व्हायब्रेटर किंवा निदान दुसरी सुई साइटवर हवी. ऐन वेळी बंद पडतो तो पहिलाच.

मिक्सर मध्येच बंद पडला तर कुठे थांबायचं हे इंजिनिअरकडून आदल्या दिवशीच खडूने आखून घ्या. साधारण गाळ्याच्या मधल्या भागात, बीमलगत नाही, आणि फळी लावून उभी कड. उतरती सोडलेली कड नंतर गळते.

जुनीवीट

थोडं अवांतर. असं एकमेकांना मदत करत बांधणं उरुग्वेमध्ये कायद्यात बसवलेलं आहे. १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने परस्पर मदतीच्या सहकारी संस्थांना मान्यता मिळाली, आणि १९७० मध्ये त्यांचा महासंघ उभा राहिला. प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला ठरावीक तास साइटवर काम करायचं. अनेक गटांत कुठलं घर कुणाचं ते बांधून झाल्यावर सोडतीने ठरतं. त्यामुळे भिंत रचताना ती आपली की शेजाऱ्याची हे कुणालाच माहीत नसतं, सगळ्याच भिंती सारख्या निगुतीने होतात.

तुमच्याकडे सोडत नाही, प्लेटा कुणाकडे जाणार हे आधीच ठरलंय. म्हणून तुमची जी कुचंबणा होतेय ती खरी आहे. माझं मत, दादांना सरळ सांगून टाका की सेंट्रिंग कधी सोडायचं यात माझं मत धरू नका. ऐकताना त्यांना बरंच वाटेल. बाकीच्या देवाणघेवाणीची वही ठेवत असाल तर ती चौघांना दिसेल अशी ठेवा. आमच्या गटात एकाच माणसाने तीन साइटवर पाणी मारलं आणि त्याच्या वेळी सगळे कामात, असं झालं. कुणी वाईट नव्हतं, मोजलंच नव्हतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रीच दादांना सांगितलं. रागावले नाहीत, उलट म्हणाले मलाही ते वासे खटकत होते, पण वाटलं आपल्याला काय कळतंय. फोटो इंजिनिअरना गेले आणि आज सकाळी मिस्त्री स्वतः फळ्या मागायला माझ्या साइटवर आले! कोपऱ्यावरचे काका आणि मी खाली वाकून पाचरी मोजतोय. काही वासे हाताने हलत होते, ते आता हलत नाहीत.

जुनीवीट, वहीचं पटलं. स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचं आहे, त्याची पाळी आजच लावते. पण प्लेटांचं अजून डोक्यात आहे. सेंट्रिंगवाला म्हणतो, चार दिवसांत सोडतो, काही होत नाही. किती दिवस खरे?

ओळंबा

साधं पोर्टलँड सिमेंट आणि हवा १५ अंशांच्या खाली जात नसेल, तर ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू, म्हणजे वासे, किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४. बीमखालचे ६ मीटरपर्यंत १४ दिवस, पुढे २१. राख किंवा स्लॅग मिसळलेलं सिमेंट असेल तर ताकद हळू चढते, तेव्हा इंजिनिअर सांगतील तेवढं जास्त थांबायचं. गॅलरीला हा हिशोब लावू नका, तिचे टेकू सगळ्यात शेवटी, इंजिनिअरना विचारूनच. आणि काढताना बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे.

चार दिवसांत प्लेटा हव्याच असतील तर टेकू न हलवता प्लेटा निघतील अशी मांडणी आधीपासून करावी लागते. नुसतं "काढून पुन्हा लावतो" म्हणतात, त्यात मधल्या वेळात स्लॅब उघडा पडतो.

आळी करणार आहात तर ती गळून पाणी खाली भरावात जात नाही ना, तेही पाळीवाल्याने रोज बघावं. वासे निघेपर्यंत त्या फळ्याखालची माती कोरडी राहायला हवी.

धागाकर्ती

समजलं. सिमेंट मिसळलेलंच आहे, गोणीवर आत्ता बघून आले. सेंट्रिंगवाल्याला सांगितलं की दादांचे वासे इंजिनिअर म्हणतील तेव्हाच सुटतील, माझी तारीख त्यानंतरची धर. तो कुरकुरला. तोवर मी जिन्याचं काम पुढे घेते. पाळीच्या यादीत "भराव कोरडा?" असा एक रकाना टाकलाय. गुरुवार अजून रिकामा आहे, तो कोपऱ्यावरच्या काकांच्या गळ्यात घालते.